शुश्रूषा : शरीराची आणि मनाची

(खेड्यांतील मंडळ्यांच्या अभ्यासवर्गाकरितां धडा)

शास्त्रभाग : १ राजे १९:१–८, २ राजे २०:१–७, लूक १०:२५–३७.

धड्याचा मुख्य विचार : रोग्यासाठीं प्रार्थना करणें आणि त्याची ज्ञानपूर्वक शुश्रूषा करणें हीं एकाच प्रीतीचीं दोन कामें आहेत, आणि ह्या प्रीतीवर मनानें आजारी असलेल्या माणसाचा हक्क शरीरानें आजारी असलेल्याइतकाच आहे.



आपल्या मंडळींत कोणी आजारी पडलें म्हणजे उपदेशकास बोलावणें येतें. तो जातो, शास्त्र वाचतो, प्रार्थना करितो आणि घरीं परत येतो. हें योग्यच आहे. परंतु तो गेल्यावर त्या घरांत रात्रभर कोण जागतें, पाणी कोण पाजतें, अंथरूण कोण बदलतें, आणि कोणतें लक्षण दिसतांच रोग्यास दवाखान्यांत हलवावें हें कोणास ठाऊक असतें, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. डॉक्टर रोग्याजवळ घटकाभर असतो. बाकीचा सर्व वेळ रोगी आपल्या माणसांच्या हातीं असतो. त्या हातांस कांहीं उपयुक्त ज्ञान मिळावें, एवढाच ह्या धड्याचा हेतु आहे.

१. शास्त्र काय शिकवितें

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां त्यानें रडून प्रार्थना केली, आणि देवानें ती ऐकली. तरी त्याच ठिकाणीं यशया संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधावयास लाविला असें आपण वाचतों. ज्या देवानें प्रार्थना ऐकली त्यानेंच लेपाचा उपयोग करविला. तेव्हां औषध घेणें म्हणजे विश्वास कमी पडणें, असें जे कोणी म्हणतात त्यांनीं हा अध्याय लक्षपूर्वक वाचावा.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत तर शुश्रूषेचा सर्व क्रमच दिला आहे. तो जखमी माणसाच्या जवळ गेला. त्यानें त्याच्या जखमा पाहून तेल व द्राक्षारस घालून त्या बांधिल्या. त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. ती रात्र त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशीं खर्च देऊन त्यास दुसऱ्याच्या हवालीं केलें. आणि आपण परत येऊं असें वचन दिलें. पाहणें, जवळचा उपाय करणें, योग्य ठिकाणीं नेणें, आणि पुन्हां येणें, अशा ह्या चार पायऱ्या आहेत. आपल्यापैकीं पुष्कळ जण पहिल्या पायरीवर थांबतात, आणि चौथी तर बहुतेक सर्वच विसरतात.

आरंभींच्या मंडळीनें हा धडा मनावर घेतला होता. इ. स. २६० च्या सुमारास आलेक्सांद्रिया शहरीं मोठी सांथ असतां तेथील ख्रिस्ती लोकांनीं जिवाची पर्वा न करितां रोग्यांची सेवा केली, असें तेथील बिशप दियोनिसियस ह्यांनीं आपल्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. त्यांच्याजवळ आजचीं औषधें नव्हतीं. त्यांच्याजवळ पाणी, अन्न व जवळ बसणारें माणूस एवढेंच होतें. आपणांजवळ हें सर्व असून शिवाय ज्ञानहि आहे; म्हणून आपला जाब अधिक आहे.

२. प्रत्येक आजारांत पाळावयाच्या गोष्टी

रोग्यास हात लावण्यापूर्वीं व लाविल्यानंतर साबणानें हात धुवावे. रोग्याची खोली बंद व काळोखी ठेवूं नये. खिडकी उघडी असावी. तापांत रोग्यास उपाशी ठेवण्याची जुनी चाल सोडून द्यावी. पेज, मऊ भात, वरणाचें पाणी, ताक असें जें पचेल तें थोडें थोडें पुष्कळ वेळां द्यावें.

जो रोगी स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें. पाठ, कंबर, ढुंगण व टाचा रोज पाहाव्या. तेथें लाली दिसली तर पाठीस जखम होण्याची ती सुरुवात समजावी, त्या भागावर भार पडूं देऊं नये व तो चोळूंहि नये. चादरीस सुरकुती नसावी व अंथरूण ओलें राहूं देऊं नये. रोग्याचें तोंड दिवसांतून दोनदां स्वच्छ करावें.

एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्या : ताप किती, लघवी किती वेळां, पोटांत काय गेलें, आणि औषध कोणत्या वेळीं दिलें. लिहितां येत नसेल तर घरच्या किंवा शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहवावें. असा कागद डॉक्टरांपुढें ठेविला असतां रोग्याचें अर्धें वर्तमान त्यांस विचारल्यावांचून कळतें.

३. जुलाब

लहान मूल जुलाबानें दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. म्हणून जुलाब होत असतां पाणी बंद करणें ही प्राणघातक चूक आहे. दवाखान्यांत किंवा आशा कार्यकर्तीकडे क्षारसंजीवनीची पुडी मिळते. एक लिटरची पुडी असेल तर ती सबंध एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत विरघळवावी आणि तें पाणी चोवीस तासांच्या आंत संपवावें. उरलें तर टाकावें. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. माप चुकवूं नये. मीठ अधिक झालें तर अपाय होतो.

दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, आणि त्याहून मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला पाणी चमच्याचमच्यानें पाजावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करावें. अंगावरचें दूध बंद करूं नये. जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या सांगितल्याप्रमाणें १० ते १४ दिवस पूर्ण द्याव्या. डोळे खोल गेले, मूल पाणी पिईनासें झालें, सुस्त पडलें, लघवी बंद झाली किंवा शौचांत रक्त दिसलें, तर वाटेंत पाणी पाजीत ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.

ह्या साध्या पाण्याचें सामर्थ्य १९७१ सालीं साऱ्या जगास दिसून आलें. बांगला देशाच्या युद्धांत बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांमध्यें पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा ह्यांचें पाणी पिंपांत तयार करून तें रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच पाजविलें. शेकडा तिसांच्या सुमारास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेकडा चारांच्याहि खालीं आलें. पाजणारे हात बहुतेक आईबापांचे व भावंडांचे होते, हें लक्षांत घ्यावें.

४. ताप व धाप

तापांत रोग्यास घोंगड्यांत गुंडाळूं नये. अंगावर हलकें वस्त्र असावें, पाणी भरपूर द्यावें आणि कोमट पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें अंग पुसावें. पॅरासिटामॉल वयाच्या व वजनाच्या मानानें, सांगितलें असेल तितकेंच द्यावें. मुलांस ॲस्पिरिन देऊं नये. डेंग्यूचा संशय असेल तर मोठ्यांसहि देऊं नये, कारण त्यानें रक्तस्राव वाढतो. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशीं रक्त तपासवावें.

खोकला व ताप असलेल्या मुलाचा श्वास तें शांत असतां घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील मुलाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तें फुप्फुसाच्या दाहाचें लक्षण समजावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. ही मोजणी प्रत्येक आईस व प्रत्येक बायबल-बाईस आली पाहिजे. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेकरितां १०८ हा क्रमांक आहे.

५. क्षय

दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणें किंवा थुंकींत रक्त, ह्यांपैकीं कांहीं असेल तर बेडका तपासवावा. तपासणी व औषध दोन्ही सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. साधारण क्षयाचें औषध सहा महिने घ्यावें लागतें. दोन महिन्यांत रोग्यास बरें वाटूं लागतें, आणि नेमका तेथेंच पुष्कळांचा घात होतो. औषध सोडलें म्हणजे रोग उलटतो व मग साध्या औषधास दाद देत नाहीं. म्हणून मंडळींतील एका विश्वासू माणसानें शेवटच्या दिवसापर्यंत रोग्यास औषध घेतांना पाहावें. औषध चालू असतां पोषणासाठीं सरकारकडून रोग्यास मदत मिळते. ती २०१८ सालीं दरमहा ५०० रुपये होती व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यांत आली.

हा रोग हवेंतून पसरतो; ताट, वाटी किंवा लुगडें-धोतर ह्यांतून नव्हे. रोग्याचें ताट वेगळें करून त्याचें मन मोडूं नये. त्यापेक्षां खिडकी उघडी ठेवावी, खोकतांना तोंडावर फडकें धरावें, आणि घरांतील मुलांची तपासणी करून घ्यावी. मद्रास येथें १९५६ सालीं क्षयचिकित्सेचें केंद्र निघालें. तेथें गरीब व दाटीच्या घरांत राहून औषध घेणाऱ्या रोग्यांची तुलना आरोग्यभुवनांत ठेविलेल्या रोग्यांशीं करण्यांत आली. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, औषध नियमानें घेतलें असतां घरचा रोगी जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि त्यामुळें घरच्या माणसांस अधिक धोका पोंहचत नाहीं.

६. फेफरें

फेफरें हा मेंदूचा आजार आहे. ती भूतबाधा नव्हे व तो शापहि नव्हे. झटका आला असतां रोग्याजवळची विस्तव, दगड, भांडीं दूर करावीं, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें, आणि त्यास एका कुशीवर वळवावें. दांतांत चमचा घालूं नये, तोंडांत पाणी ओतूं नये, कांदा किंवा वहाण हुंगवूं नये, हातपाय दाबून धरूं नये. झटका पांच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्धीवर न येतां दुसरा आला, तर दवाखान्यांत न्यावें. औषध रोज घेतल्यास बहुतेकांचे झटके थांबतात. असें मूल शाळेंत जाऊं शकतें, आणि मोठें झाल्यावर लग्नसंसारहि करूं शकतें.

७. खचलेलें मन

आतां एलीयाकडे वळूं. कर्मेल डोंगरावर ज्यानें मोठा विजय पाहिला तोच संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनें रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला, आणि आपणांस मरण यावें असें त्यानें मागितलें. देवानें त्यास काय केलें? त्यास दोष दिला नाहीं, व अविश्वासी म्हटलें नाहीं. प्रथम त्यास झोंप लागूं दिली. मग दूतानें त्यास स्पर्श करून उठविलें. उशाशीं भाजलेली भाकर व पाण्याची सुरई होती. तो जेवला व पुन्हां निजला. दूत दुसऱ्यांदां आला आणि त्यास पुन्हां जेवावयास लाविलें. देवाशीं बोलणें झालें तें पुढें, होरेब डोंगरावर. झोंप, स्पर्श, अन्न व पाणी हीं आधीं आलीं आणि शिकवण मागाहून आली, हा क्रम प्रत्येक उपदेशकानें आपल्या हृदयावर लिहून ठेवावा.

दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणें, कशांतहि गोडी न वाटणें, झोंप व भूक जाणें, अंगांत त्राण नसणें, आपण निकामी आहों असें वाटणें, हीं उदासीनतेच्या रोगाचीं लक्षणें आहेत. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईस, कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्यास, एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यास हा रोग गांठूं शकतो; आणि वरवर कांहींच कारण नसतांहि तो होतो. अशा माणसास ‘विश्वास धर, सर्व ठीक होईल’ असें सांगून निघून येणें म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसास चाल म्हणण्यासारखें आहे. त्याच्याजवळ बसावें व थोडें बोलावें. त्याचें अधिक ऐकावें. दोन घांस खावयास लावावे, उन्हांत थोडें फिरवावें, आणि डॉक्टरांकडे सोबत न्यावें. औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यांत बरें वाटलें नाहीं तरी तें सोडूं देऊं नये; आणि पुढें बरें वाटल्यावरहि डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं देऊं नये. बाळंत झालेली बाई एकाएकीं भ्रमिष्टासारखें बोलूं लागली, तर तिला व मुलास एकटें न ठेवितां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

माणूस मरणाच्या गोष्टी बोलूं लागला, आपल्या वस्तु वांटूं लागला, किंवा निरोप घेतल्यासारखें बोलला, तर त्यास एकांतांत सरळ विचारावें : “जीव द्यावा असें मनांत येतें काय?” विचारल्यानें ती कल्पना मनांत शिरते हा समज खोटा आहे, उलट मन मोकळें होतें. ‘होय’ म्हणाला तर त्यास क्षणभरहि एकटें सोडूं नये, आणि फवारणीचें औषध, दोर, गोळ्या हीं त्या घरांतून हलवावीं. हें गुपित ठेवण्याचें वचन देऊं नये; परंतु प्रार्थनासभेंत नांव घेऊन त्याचा बोभाटाहि करूं नये. ‘टेली-मानस’ ह्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून विनामूल्य आहे व तीवर मराठींतहि बोलतां येतें. जीव देण्याचा यत्न केलेल्या माणसास घोर मानसिक ताण होता असें धरून चालावें व त्यास शिक्षा न करितां उपचार मिळावे, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ठरविलें आहे. कायदा ज्यास दया दाखवितो त्यास मंडळीनें दोषी ठरवूं नये.

८. दारू सोडणारा बंधु

हा भाग उपदेशकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. रोज पुष्कळ दारू पिणाऱ्या माणसानें सभेंत शपथ घेऊन एकाएकीं दारू टाकिली, तर आपणांस आनंद होतो. परंतु पहिल्या तीन-चार दिवसांत त्याचे हात कांपणें, घाम सुटणें, झटके येणें, नसतीं माणसें दिसणें व भ्रम होणें असे प्रकार होऊं शकतात, आणि त्यांत मृत्यूहि येऊं शकतो. हा सैतानाचा अंगांत संचार नव्हे. शरीरास लागलेली संवय एकदम तुटल्याचा तो परिणाम होय. म्हणून शपथ घेण्याच्या आधींच त्यास डॉक्टरांकडे न्यावें, पहिला आठवडा त्याच्याजवळ कोणीतरी राहावें, आणि वरील लक्षण दिसतांच दवाखाना गांठावा. तो पुन्हां घसरला तर त्यास टाकूं नये; पुन्हां उठवावें.

९. भ्रमिष्ट म्हटलेला माणूस

कोणास नसलेले आवाज ऐकूं येतात, कोणास सर्व जग आपल्या वाइटावर आहे असें वाटतें, कोणी दिवसेंदिवस झोंपत नाहीं व असंबद्ध बोलतो. अशा माणसास मारणें, उपाशी ठेवणें, मिरच्यांची धुरी देणें किंवा सांखळीनें बांधणें हें पाप आहे, मग तें मांत्रिकानें केलेलें असो किंवा येशूचें नांव घेऊन केलेलें असो. ता. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. तेथील मनोरुग्ण सांखळ्यांनीं बांधलेले होते. त्यांस पळतां आलें नाहीं व २८ जण जळून मेले. हें स्थळ अन्यधर्मीयांचें होतें म्हणून आपण बोट दाखवूं नये. आपल्याहि घरांत व प्रार्थनागृहांत असें बांधणें घडूं शकतें. २०१७ च्या कायद्यानें मनोरुग्णास सांखळी घालण्याची मनाई केली आहे. कायद्याच्याहि पूर्वीं, १७९६ सालीं, इंग्लंडांतील यॉर्क शहरीं विल्यम ट्यूक ह्या ख्रिस्ती गृहस्थानें मनोरुग्णांकरितां एक आश्रम उघडला. तेथें सांखळी नव्हती, आणि रोग्यांस सौम्य शब्द, काम व सन्मान मिळत असे.

अशा रोग्याशीं हळू आवाजांत बोलावें. त्यास दिसतें तें खोटें म्हणून वाद घालूं नये व खरें म्हणून होकारहि देऊं नये; ‘तुला भीति वाटते हें मला कळतें’ एवढें म्हणावें. गर्दी हटवावी. औषध चालू राहील असें पाहावें.

१०. शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

एका घरांत एकच सून, आई किंवा बहीण महिनोन् महिने जागते. तिचीहि झोंप व भूक जाते. मंडळीनें पाळी लावावी : एका रात्रीं एक घर जागेल, एका दिवशीं दुसरें घर डबा देईल, एक जण दवाखान्यास सोबत जाईल. अशा कामास मोठें शिक्षण लागत नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दंपतीनें १९७० सालीं काम सुरू केलें. त्यांनीं खेड्यांतल्या साध्या बायांस आरोग्यसेविका केलें. त्यांपैकीं पुष्कळींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. तरी त्यांच्याच हातून गांवोगांव बाळंतिणी व मुलें वांचलीं. जें त्या बायांस साधलें तें आपल्या बायांसहि साधेल.

मननाकरितां प्रश्न

१. एलीयाशीं देव ज्या क्रमानें वागला तो क्रम आपण खचलेल्या माणसाशीं पाळितों काय?
२. हिज्कीयाच्या गोष्टींत प्रार्थना व लेप ह्यांचा संबंध काय दिसतो?
३. मिठासाखरेच्या पाण्याचें माप काय? वर्गापुढें तयार करून दाखवा.
४. लहान मुलाचा श्वास एक मिनिट मोजून पाहा. वयाप्रमाणें धोक्याचा आंकडा कोणता?
५. आपल्या मंडळींत आज कोण आजारी आहे? त्याच्याकडे कोण, कोणत्या दिवशीं, आणि पुन्हां केव्हां जाईल, हें वर्ग संपण्यापूर्वीं ठरवा.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तुझ्या पुत्रानें रोग्यांस आपल्या हातानें स्पर्श केला. आमच्या हातांस स्वच्छता, ज्ञान व कोमलता दे. जे अंथरुणावर खिळले आहेत त्यांस, आणि ज्यांचें मन अंधारांत बसलें आहे त्यांस आम्हीं विसरूं नये. आणि एकदां भेटून आल्यावर पुन्हां जाण्यास आम्हीं कंटाळूं नये, असें कर. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.